स्वेतलाना नावाचा अर्थ काय? ‘प्राचीन’ वाटणारं हे रशियन नाव खरंतर कवींची देणगी आहे

६ मार्च १९६७ ची संध्याकाळ. नवी दिल्लीतल्या अमेरिकेच्या दूतावासात एक रशियन महिला छोटी सुटकेस घेऊन आली. वय ४१. हातात सोव्हिएत पासपोर्ट. तिला अमेरिकेत आश्रय हवा होता. पासपोर्टवरचं नाव वाचून दूतावासातल्या अधिकाऱ्यांना फारसा बोध झाला नाही. आपण कोणाची मुलगी आहोत हे तिनं सांगितलं, तेव्हा मात्र थेट वॉशिंग्टनपर्यंत धावपळ उडाली. तिचे वडील होते जोसेफ स्टालिन.

या महिलेचं नाव स्वेतलाना अलिलुयेवा. वडील गेल्यानंतर चार वर्षांनी, १९५७ मध्ये, तिनं त्यांचं आडनाव सोडून आईचं आडनाव लावलं होतं. दिल्लीतल्या त्या संध्याकाळनंतर तिनं देशही सोडला. पुढे लग्न झाल्यावर आडनाव पुन्हा बदललं. पण ‘स्वेतलाना’ हे पहिलं नाव तिला पूर्णपणे कधीच टाकता आलं नाही.

आज ‘स्वेतलाना’ म्हटलं की डोळ्यांपुढे अस्सल रशियन, शेकडो वर्षांपूर्वीचं एखादं पारंपरिक नाव येतं. टेनिसपटू, अंतराळवीर, नोबेल विजेती लेखिका अशा कितीतरी स्वेतलाना जगाला माहीत आहेत. बाळाच्या नावांच्या ज्या याद्या सोशल मीडियावर फिरतात, त्यांतही या नावापुढे ‘प्राचीन स्लाव्हिक नाव’ असं लिहिलेलं दिसतं.

गंमत म्हणजे हे नाव प्राचीन नाही. ते जेमतेम सव्वादोनशे वर्षांचं आहे. ते कवितेतून आलं आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं रशियातल्या आईबापांना ते आपल्या मुलीला अधिकृतपणे ठेवताच येत नव्हतं. असं का? आणि मग ते घराघरांत पोहोचलं कसं?

थोडक्यात

- अर्थ: तेजस्वी, उजळ, प्रकाशमय.
- मूळ: ‘स्वेत्लि’ (उजळ) हे रशियन विशेषण. त्याच्या मुळाशी ‘स्वेत’ म्हणजे प्रकाश.
- पहिला साहित्यिक उल्लेख: अलेक्सांद्र वोस्तोकोव यांचं १८०२ चं काव्य.
- प्रसिद्धी: वासिली झुकोव्स्की यांची १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेली कथाकविता.
- सर्वसामान्यांत वापर: १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर.
- लाडाची नावं: स्वेता, स्वेतिक, स्वेतोच्का, लाना.

‘स्वेत’ आणि आपलं ‘श्वेत’ यांचं नातं काय?

आधी अर्थ पाहू. रशियन भाषेत ‘स्वेत’ म्हणजे प्रकाश. त्यापासून ‘स्वेत्लि’ हे विशेषण तयार होतं, म्हणजे उजळ, लख्ख. त्याला ‘-आना’ हा प्रत्यय लागून ‘स्वेतलाना’ झालं. उच्चार करताना जोर ‘ला’वर येतो.

मराठी वाचकाला ‘स्वेत’ ऐकल्यावर लगेच ‘श्वेत’ आठवतं. हा योगायोग नाही. संस्कृत आणि रशियन या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय भाषाकुळातल्या आहेत आणि हे दोन्ही शब्द एकाच जुन्या धातूपासून निघालेत. त्या धातूचा अर्थ चमकणं, उजळ असणं असा होता. संस्कृतात त्याचा अर्थ ‘पांढरा’कडे झुकला, स्लाव्हिक भाषांत ‘प्रकाशा’कडे.

याच कुटुंबात आणखी दोन शब्द आहेत आणि तेही आपण रोज वापरतो. एक फारसीतून आलेला ‘सफेद’ आणि दुसरा इंग्रजीतला ‘व्हाइट’. म्हणजे श्वेत, सफेद, व्हाइट आणि रशियन ‘स्वेत’ ही सगळी दूरची भावंडं. स्वेतलानाला घरी ‘स्वेता’ म्हणतात, त्यामुळे ते आपल्या ‘श्वेता’सारखं ऐकू येतं, त्यालाही हेच कारण आहे.

पण याचा अर्थ ‘स्वेतलाना हे मूळचं संस्कृत नाव आहे’ असा होत नाही. व्हॉट्सॲपवर अशा साखळ्या पटकन जोडल्या जातात. दोन चुलत बहिणींचा आजोबा एक असतो, म्हणून एक बहीण दुसरीची मुलगी ठरत नाही. शब्दांचंही तसंच आहे.

रशियन ‘स्वेत’ला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे ‘जग’. जिथवर उजेड पडतो, जे डोळ्यांना दिसतं, ते सगळं जग. त्यामुळे रशियन कानाला या नावात प्रकाशाबरोबर जगाचीही हलकी चाहूल लागते.

‘पवित्र’ हा अर्थ कुठून आला?

अनेक याद्यांमध्ये स्वेतलानाचा अर्थ ‘पवित्र’ असा दिलेला असतो. हा घोळ दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांमुळे होतो.

रशियनमध्ये ‘स्वेत’ म्हणजे प्रकाश आणि ‘स्व्यात’ म्हणजे पवित्र. स्व्यातोस्लाव हे जुन्या राजांचं नाव या दुसऱ्या शब्दापासून आलंय. दोन्ही शब्दांची मुळं वेगळी आहेत. पण सगळ्या स्लाव्हिक भाषांत हा फरक कानाला इतका स्पष्ट राहिलेला नाही. सर्बियन भाषेत ‘स्वेती’ म्हणजे संत किंवा पवित्र, तर ‘स्वेत्लो’ म्हणजे प्रकाश. दोन्हींची सुरुवात एकसारखीच. एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेतल्या नावाला चिकटवला की गडबड ठरलेलीच.

बेलारूसमध्ये आणखी मजा आहे. तिथे हे नाव ‘स्व्यातलाना’ असं लिहितात. रशियन माणसाला ते ‘पवित्र’च्या जवळचं वाटेल, पण बेलारूसी भाषेत ‘स्व्यातलो’ म्हणजेच प्रकाश. म्हणून तिथेही अर्थ तोच राहतो. युक्रेनमध्ये हेच नाव ‘स्वितलाना’ होतं.

नाव आधी आलं कवितेत

आता मूळ गोष्टीकडे येऊ. १८०२ मध्ये अलेक्सांद्र वोस्तोकोव नावाच्या तरुण कवीनं ‘स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव’ हे काव्य लिहिलं. त्यात जुन्या रशियन राजेरजवाड्यांचं वातावरण होतं. म्स्तिस्लाव हे नाव खरोखर जुनं. त्या नावाचे राजे इतिहासात होऊन गेले. त्याच्या शेजारी शोभेल असं नायिकेचं नाव हवं होतं. ‘स्वेतलाना’ हे नाव साहित्यात दिसतं ते इथे पहिल्यांदा.

त्या काळात रशियन लेखकांना आपल्या प्राचीन भूतकाळाची ओढ लागली होती. दरबारात आणि उमरावांच्या घरांत फ्रेंच बोललं जात होतं. त्यावर उतारा म्हणून कवी जुन्या स्लाव्हिक वळणाचे शब्द आणि नावं शोधत होते. सापडली नाहीत तर घडवत होते.

वोस्तोकोव यांची स्वतःची कहाणीही नावाशीच जोडलेली आहे. त्यांचा जन्म १७८१ चा, आज एस्टोनियात असलेल्या सारेमा बेटावरचा. घरची भाषा जर्मन आणि मूळ आडनाव ओस्टेनेक. जर्मनमध्ये ‘ओस्ट’ म्हणजे पूर्व, रशियनमध्ये ‘वोस्तोक’ म्हणजे पूर्व. त्यांनी आपलं आडनावच रशियन करून घेतलं.

पुढे हेच वोस्तोकोव स्लाव्हिक भाषांचे मोठे अभ्यासक झाले. ‘ओस्त्रोमिर गॉस्पेल’ हे १०५६-५७ मधलं हस्तलिखित रशियन लेखनाच्या इतिहासात फार महत्त्वाचं मानलं जातं. त्याची अभ्यासपूर्ण आवृत्ती त्यांनी १८४३ मध्ये काढली. खरं जुनं काय आणि नवं काय याची ज्यांना उत्तम पारख होती, त्यांच्याच लेखणीतून जुनं भासणारं हे नवंकोरं नाव आलं.

आरसा, मेणबत्ती आणि एक भयानक स्वप्न

वोस्तोकोव यांचं काव्य फारसं गाजलं नाही. नाव घरोघरी नेलं ते वासिली झुकोव्स्की यांनी.

झुकोव्स्की हे रशियन स्वच्छंदतावादी कवितेतलं मोठं नाव. पुढे ते झार दुसरा अलेक्झांडर याचे लहानपणचे शिक्षक झाले. जर्मन कवी ब्यूर्गर यांची ‘लेनोरे’ ही कथाकविता १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि सगळ्या युरोपात तिची चर्चा होती. युद्धावर गेलेला प्रियकर परत येत नाही, मुलगी देवाला दोष देते, मग रात्री तो घोड्यावरून येतो आणि तिला थेट थडग्याकडे घेऊन जातो, अशी ती गोष्ट.

झुकोव्स्की यांनी १८०८ मध्ये ती रशियन वळणात आणली. नायिकेचं नाव ठेवलं ‘ल्युदमिला’. हे नाव खरोखर जुनं आहे. दहाव्या शतकात या नावाची संत बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, होऊन गेली. पण झुकोव्स्की यांचं समाधान झालं नाही. त्याच कथाबीजावर त्यांनी पुन्हा काम सुरू केलं. १८०८ ते १८१२ या काळात दुसरी कविता लिहिली गेली आणि १८१३ मध्ये ती छापून आली. तिचं नाव ‘स्वेतलाना’.

गोष्ट जानेवारीतल्या एका रात्रीची आहे. रशियात येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या आदल्या रात्री मुली आपलं भविष्य पाहत. कोणी चप्पल फाटकाबाहेर फेके, कोणी वितळलेलं मेण पाण्यात टाकून त्याचा आकार पाही. स्वेतलाना मात्र गप्प आहे. तिचा होणारा नवरा वर्षभरापूर्वी दूरदेशी गेला आणि त्याची काहीच खबर नाही. मध्यरात्री ती आरशासमोर मेणबत्ती लावून बसते. टेबलावर दोघांची ताटं मांडलेली आहेत.

तो येतो. तिला घसरगाडीत बसवून बर्फातून घेऊन जातो. वाटेत एका चर्चमध्ये कोणाचे तरी अंत्यविधी चाललेले दिसतात. मग सगळं नाहीसं होतं आणि ती एका झोपडीत एकटीच उरते. समोर शवपेटी. एक पांढरं कबुतर येऊन तिचं रक्षण करतं. पेटीतला मृतदेह हलतो. तो तिच्याच प्रियकराचा असतो.

आणि तिला जाग येते. सकाळ झालेली असते. अंगणात घसरगाडीच्या घंटा वाजतात आणि तो खरोखरच, जिवंत, दारात उभा असतो.

ल्युदमिला थडग्यात गेली, स्वेतलाना सकाळच्या उजेडात आली. नावाचा अर्थ ‘उजेड’ असलेल्या मुलीची गोष्ट उजेडातच संपते. रशियन वाचकांनी ही कविता डोक्यावर घेतली.

कवितेची नायिका झाली ओळखीची

ही कविता झुकोव्स्की यांनी आपली भाची अलेक्सांद्रा प्रोतासोवा हिला लग्नाची भेट म्हणून दिली. त्यानंतर साहित्यिक वर्तुळात तिला सगळे ‘स्वेतलाना’च म्हणू लागले.

एवढंच नाही. १८१५ मध्ये ‘अर्झामास’ नावाचं एक साहित्यिक मंडळ सुरू झालं. त्यातले सभासद झुकोव्स्की यांच्या कथाकवितांतून टोपणनावं घ्यायचे. तरुण पुश्किनचं नाव होतं ‘रातकिडा’. आणि स्वतः झुकोव्स्की यांचं टोपणनाव होतं ‘स्वेतलाना’. म्हणजे या नावाच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांमध्ये एक चांगला धट्टाकट्टा पुरुषही आहे.

पुश्किननं ‘येवगेनी ओनेगिन’ या आपल्या पद्यकादंबरीत या नायिकेची आठवण पुन्हा पुन्हा काढली आहे. पाचव्या प्रकरणात तात्याना भविष्य पाहायला निघते आणि तिला भयंकर स्वप्न पडतं. त्या प्रकरणाच्या माथ्यावर ‘स्वेतलाना’तल्याच ओळी आहेत. १८३६ मध्ये कार्ल ब्र्युलोव या नामवंत चित्रकारानं आरशासमोर बसलेल्या स्वेतलानाचं चित्र रंगवलं.

नौदलालाही या नावाची भुरळ पडली. फ्रान्समधल्या बोर्दो इथे बांधलेली ‘स्वेतलाना’ नावाची युद्धनौका १८५८ मध्ये पाण्यात उतरली. याच नावाची नंतरची एक क्रूझर १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपानविरुद्ध बुडाली.

मग मुलींना हे नाव का ठेवता येत नव्हतं?

कवितेत स्वेतलाना, चित्रात स्वेतलाना, समुद्रात स्वेतलाना. पाळण्यात मात्र नाही. कारण झारच्या काळात नावावर अंतिम शब्द आईबापांचा नव्हता, तो चर्चचा होता.

त्या काळी रशियात ऑर्थोडॉक्स कुटुंबात मूल जन्मलं की त्याची नोंद चर्चच्या वहीत व्हायची. बाप्तिस्म्याच्या वेळी संतांच्या पंचांगातलंच नाव द्यावं लागायचं. या पंचांगात वर्षातल्या प्रत्येक दिवसाचे संत आणि त्यांची नावं असत. ज्या नावाचा संत नाही, ते नाव यादीत नाही. आणि यादीत नाही म्हणजे अधिकृतपणे नाहीच. स्वेतलाना नावाची कोणी संत झालेली नव्हती. ती कवितेतली मुलगी होती.

यातून लोकांनी वाट काढली. घरात मुलीला लाडानं ‘स्वेतलाना’ म्हणायचं, चर्चच्या वहीत दुसरंच काहीतरी लिहायचं. आपल्याकडे पाळण्यातलं नाव एक आणि हाक मारायचं नाव दुसरं असतं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे हाक मारायच्या नावाला कागदावर जागाच नव्हती.

चर्चकडे याच अर्थाचं एक नाव होतं, ‘फोतिना’. ग्रीक भाषेत ‘फोस’ म्हणजे प्रकाश. फोटो या शब्दातही तोच आहे. येशूला विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री बायबलमध्ये निनावी आहे, पण ऑर्थोडॉक्स परंपरेत तिला संत फोतिना मानतात. पुढे स्वेतलाना नावाच्या मुलींचा बाप्तिस्मा ‘फोतिना’ या नावानं करण्याची पद्धत पडली. आजही अनेक रशियन स्वेतलाना २ एप्रिलला, म्हणजे संत फोतिनाच्या दिवशी, आपला नामदिन साजरा करतात. अर्थ जुळला आणि कवितेतल्या नावाला उशिरा का होईना एक संत मिळाली.

क्रांती झाली आणि नावांची यादी फाटली

१९१७ च्या क्रांतीनंतर जन्म आणि विवाहाची नोंद चर्चकडून सरकारी कार्यालयांकडे गेली. जानेवारी १९१८ मध्ये चर्च आणि शासन वेगळं करणारा हुकूम निघाला. आता आईबाप मुलांना कोणतंही नाव ठेवू शकत होते.

लोकांनी या मोकळीकीचा पुरेपूर फायदा घेतला. ऑक्टोबर क्रांतीवरून ‘ओक्त्याब्रिना’. लेनिन हे नाव उलटं वाचून ‘निनेल’. व्लादिमिर लेनिनवरून ‘व्लादलेन’. विजेच्या कौतुकापायी ‘एलेक्त्रिना’.

या गर्दीत ‘स्वेतलाना’ला बाजी मारायला अनेक गोष्टी अनुकूल होत्या. ते चर्चच्या यादीतलं नव्हतं, म्हणून नव्या विचारांच्या लोकांना चालत होतं. ऐकायला अस्सल रशियन होतं. कवितेमुळे ओळखीचं होतं. आणि अर्थ होता प्रकाश. १९२० मध्ये लेनिनच्या सरकारनं देशाच्या विद्युतीकरणाची योजना जाहीर केली होती. गावोगावी दिवा पोहोचवणं हे नव्या राज्याचं मोठं स्वप्न होतं. अशा काळात मुलीचं नाव ‘उजेडा’वरून ठेवणं शोभून दिसत होतं.

याच संदर्भात एक दावा हमखास ऐकायला मिळतो. तो असा की ‘स्वेतलाना’ हे नाव ‘प्रकाश देणारा तापदीप’ अशा अर्थाच्या रशियन शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलंय. सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘स्वेतलाना’ नावाचा कारखाना आहे आणि १९१३ मध्ये तिथे याच नावाचे विजेचे दिवे बनू लागले, हे खरं. पुढे त्याच कारखान्याच्या व्हॅक्यूम ट्यूब जगभरच्या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये पोहोचल्या. पण नाव दिव्यापेक्षा शंभर वर्षांहून जुनं आहे. त्यामुळे कारखान्याच्या नावाची फोड अशी करता आली, तरी मुलींचं नाव दिव्यावरून आलेलं नाही.

स्टालिनच्या मुलीमुळेच नाव गाजलं का?

पूर्णपणे नाही. स्टालिनची मुलगी जन्मली २८ फेब्रुवारी १९२६ ला. त्याआधी १९२४ मध्येच निकोलाय बुखारिन या दुसऱ्या बोल्शेविक नेत्यानं आपल्या मुलीचं नाव स्वेतलाना ठेवलं होतं. परराष्ट्रमंत्री मोलोतोव यांच्या मुलीचंही नाव हेच. म्हणजे क्रेमलिनच्या घरांत हे नाव रुळत होतं.

पण देशाच्या सर्वोच्च नेत्याची लाडकी लेक म्हटल्यावर नावाला आणखी बळ मिळालं. १९३० च्या दशकात ते बालसाहित्यातही शिरलं. अर्कादी गायदार यांच्या १९३६ च्या ‘निळा कप’ या लोकप्रिय कथेतल्या छोट्या मुलीचं नावही स्वेतलानाच आहे.

लहानपणी या मुलीला स्वतःचं नाव नीट उच्चारता येत नसे. ती ‘सेतान्का’ म्हणायची. बापानं तेच उचललं. लाखो लोकांच्या मरणाला जबाबदार ठरलेला हा माणूस मुलीला ‘सेतान्का’ म्हणून प्रेमळ चिठ्ठ्या लिहायचा आणि खाली तिचा सेक्रेटरी म्हणून सही करायचा. १९३२ मध्ये आईनं आत्महत्या केली, तेव्हा स्वेतलाना सहा वर्षांची होती. हे मरण आत्महत्येमुळे झालं, हे तिला कित्येक वर्षं सांगितलंच गेलं नाही.

गंगाकाठापर्यंत आलेली स्वेतलाना

तिचा भारताशी संबंध जुळला तो ब्रजेश सिंह यांच्यामुळे. ते आजच्या उत्तर प्रदेशातल्या कालाकांकर संस्थानच्या घराण्यातले कम्युनिस्ट. दोघांची भेट १९६३ मध्ये मॉस्कोच्या एका रुग्णालयात झाली. त्यांना लग्न करायचं होतं, पण सोव्हिएत सरकारनं त्याची अधिकृत नोंद होऊ दिली नाही. आपलं नाव कोणाबरोबर लिहिलं जावं, हे ठरवण्याचा हक्क स्टालिनच्या मुलीलाही नव्हता.

३१ ऑक्टोबर १९६६ ला ब्रजेश सिंह यांचं मॉस्कोत निधन झालं. त्यांच्या अस्थी घेऊन स्वेतलाना डिसेंबरमध्ये भारतात आली आणि गंगेकाठच्या कालाकांकरमध्ये राहिली. तिला इथेच राहायचं होतं, पण ते शक्य झालं नाही. मॉस्कोला परतायची वेळ आली आणि त्याऐवजी ती अमेरिकेच्या दूतावासात गेली. तिथून रोम, स्वित्झर्लंड आणि एप्रिल १९६७ मध्ये न्यूयॉर्क. त्याच वर्षी तिच्या आठवणींचं ‘ट्वेंटी लेटर्स टू अ फ्रेंड’ हे पुस्तक आलं. पुस्तकातून मिळालेल्या पैशातून तिनं कालाकांकरमध्ये ब्रजेश सिंह यांच्या नावानं रुग्णालय उभारायला मदत केली.

अमेरिकेत याच नावानं तिच्या आयुष्याला आणखी एक वळण दिलं. विख्यात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या पत्नी ओल्गिवाना मूळच्या माँटेनेग्रोच्या. त्यांच्या मुलीचं नाव होतं स्वेतलाना. ती वास्तुविशारद वेस्ली पीटर्स यांची पत्नी. १९४६ मध्ये मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला. अनेक वर्षांनी ओल्गिवाना यांनी वर्तमानपत्रांत गाजणाऱ्या या दुसऱ्या स्वेतलानाला आपल्याकडे बोलावून घेतलं. मुलीच्या नावाची बाई घरात आली तर मुलगीच परतल्यासारखं होईल, अशी त्यांची आशा होती. १९७० मध्ये स्टालिनच्या मुलीनं त्याच वेस्ली पीटर्स यांच्याशी लग्न केलं. ते फार काळ टिकलं नाही.

त्यानंतर ती ‘लाना पीटर्स’ या नावानं राहिली. स्वेतलानामधलं ‘स्वेत’ गेलं, ‘लाना’ उरलं. २२ नोव्हेंबर २०११ ला विस्कॉन्सिन राज्यात तिचं निधन झालं. आपण कुठेही गेलो तरी वडिलांच्या नावाचे राजकीय कैदीच राहू, अशी खंत तिनं अनेकदा बोलून दाखवली होती.

अंतराळात आणि नोबेलच्या मंचावर

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात हे नाव इतकं वाढलं की एका वर्गात दोन-तीन स्वेता असणं नवलाचं राहिलं नाही. १९४८ मध्ये जन्मलेल्या दोघींनी तर इतिहास घडवला.

स्वेतलाना सावित्स्काया १९८२ मध्ये अंतराळात गेल्या. वालेंतिना तेरेश्कोवानंतर तब्बल १९ वर्षांनी एखादी महिला तिथे पोहोचली होती. २५ जुलै १९८४ ला त्यांनी सल्युत-७ या अंतराळ स्थानकाबाहेर पडून ३ तास ३५ मिनिटं काम केलं. स्पेसवॉक करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला. याच सल्युत-७ वर तीनच महिन्यांपूर्वी, एप्रिल १९८४ मध्ये, आपले राकेश शर्मा राहून आले होते.

दुसऱ्या स्वेतलाना अलेक्सिएविच. जन्म युक्रेनमध्ये, वडील बेलारूसी, आई युक्रेनियन. युद्धात लढलेल्या बायका, चेर्नोबिलचे रहिवासी, अफगाणिस्तानात मुलं गमावलेल्या आया अशा सामान्य माणसांच्या मुलाखतींतून त्यांनी पुस्तकं उभी केली. २०१५ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं.

२०२० मध्ये बेलारूसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अलेक्सांद्र लुकाशेन्को यांच्यासमोर उभ्या राहिल्या त्या स्व्यातलाना त्सिखानोव्स्काया. त्यांच्या पतीला निवडणूक लढवायची होती, पण त्यांना तुरुंगात टाकण्यात आलं. निवडणुकीनंतर त्यांना स्वतःलाही देश सोडावा लागला. टेनिसप्रेमींना स्वेतलाना कुझनेत्सोवा आठवत असेल. तिनं २००४ मध्ये यूएस ओपन आणि २००९ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली.

आज हे नाव किती ठेवलं जातं?

आता रशियात या नावाची लाट ओसरली आहे. आपल्याकडे संगीता, सुनीता म्हटलं की साधारण कोणत्या पिढीतली बाई असेल याचा अंदाज येतो. तसंच रशियात स्वेतलाना हे आता आई, मावशी किंवा आजीचं नाव वाटतं. नव्या पिढीत सोफिया, अन्ना, मारिया अशी जुनी नावं परत आली आहेत. एकेकाळी ‘संतांच्या यादीत नाही’ म्हणून नाकारलेलं नाव आता ‘जुन्या फॅशनचं’ झालंय.

मग नाव ‘खरं’ कधी होतं?

‘हे नाव तर बनवलेलं आहे’ असं कोणी म्हटलं की त्याची किंमत कमी झाल्यासारखं वाटतं. पण प्रत्येक नाव कोणीतरी, कधीतरी पहिल्यांदा उच्चारलेलंच असतं. इंग्रजीतलं ‘व्हनेसा’ही लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी आपल्या एका मैत्रिणीसाठी तयार केलेलं. आज ते कोणालाही खोटं वाटत नाही.

स्वेतलानाच्या बाबतीत चर्चची यादी होती, सरकारी नोंद होती, फॅशनच्या लाटा होत्या. या सगळ्यांच्या आधी घराघरांतल्या आया होत्या. वहीत जागा नसतानाही त्या मुलीला याच नावानं हाक मारत होत्या. नाव टिकलं ते त्या हाकेमुळे.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या यादीत ‘स्वेतलाना: प्राचीन स्लाव्हिक नाव, अर्थ पवित्र’ असं दिसलं, तर दोन दुरुस्त्या लक्षात ठेवा. ते प्राचीन नाही, १८०२ मधलं आहे. आणि त्याचा अर्थ पवित्र नाही, उजेड आहे.